पडद्यावरचा पुरावा आणि पंचनाम्यावरची सही

शनिवार-रविवारची रात्र, जेवणे आटोपलेली आणि घरातील तीन पिढ्या एकाच दूरदर्शन संचासमोर बसलेल्या, असे दृश्य महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांत ज्या मोजक्या मालिकांनी निर्माण केले, त्यांत 'सीआयडी'चे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागेल. जानेवारी १९९८ मध्ये सुरू झालेली ही मालिका ऑक्टोबर २०१८ मध्ये थांबली, तेव्हा तिचे दीड हजारांहून अधिक भाग झाले होते. डिसेंबर २०२४ मध्ये ती पुन्हा अवतरली. एप्रिल २०२५ मध्ये एसीपी प्रद्युम्न यांचा मृत्यू दाखवण्यात आला, तेव्हा प्रेक्षकांनी नाराजी व्यक्त केली ती एखादा आप्त गमावल्यासारखी. शिवाजी साटम या मराठी अभिनेत्याने उभी केलेली ही व्यक्तिरेखा किती घरांत रुजली होती, याची साक्ष त्या नाराजीने दिली.

या मालिकेविषयी प्रेक्षकांची मते मात्र एकसारखी नाहीत. आजी-आजोबांच्या दृष्टीने ती नातवंडांसोबत निःसंकोच पाहता येणारी मालिका. पडद्यावर अंगप्रदर्शन आणि घरभेद्या सुनांच्या कारस्थानांचा सुकाळ असण्याच्या काळात हा गुण लहान नव्हता. मुलांना दया दार कधी तोडतो याची उत्सुकता. महाविद्यालयीन तरुणांनी तिला विनोदाचा विषय केले. डॉ. साळुंखे यांच्या चंचुपात्रातील रंगीत द्रव आणि क्षणार्धात मिळणारे निष्कर्ष यांवर भरपूर हसून झाले. वकील आणि पोलीस अधिकारी यांचे मत याहून गंभीर. त्यांच्या मते अशा मालिका तपासाविषयी चुकीच्या अपेक्षा निर्माण करतात.

हा आक्षेप केवळ भारतातील नाही. अमेरिकेत ऑक्टोबर २००० मध्ये 'सीएसआय' ही न्यायवैद्यक तपासावरील मालिका सुरू झाली आणि ती पाहणारे ज्यूरी प्रत्येक खटल्यात डीएनएचा पुरावा मागू लागतील, अशी भीती सरकारी वकिलांना वाटू लागली. मिशिगन राज्यातील न्यायाधीश डोनाल्ड शेल्टन यांनी २००६ मध्ये ज्यूरीसाठी बोलावलेल्या सुमारे एक हजार नागरिकांची पाहणी केली. प्रत्येक फौजदारी खटल्यात कोणता ना कोणता वैज्ञानिक पुरावा असावा, अशी ४६ टक्के लोकांची अपेक्षा होती. परंतु मालिका पाहणाऱ्यांचा आरोपीला सोडून देण्याकडे कल असतो, असे मात्र त्या पाहणीत सिद्ध झाले नाही. म्हणजे अपेक्षा वाढली, विवेक सुटला नाही.

भारतात फौजदारी खटल्यांत ज्यूरी नाही. तेव्हा येथे या मालिकांचा परिणाम न्यायालयात नव्हे, तर घरात आणि चौकात शोधावा लागेल. त्याचे दोन पैलू आहेत.

पहिला पैलू थपडेचा. प्रयोगशाळेत सारा पुरावा हाती आल्यावरही कथानकाचा शेवट अनेकदा दयाच्या थपडेने आणि आरोपीच्या कबुलीने होतो. प्रेक्षक टाळ्या वाजवतात. वास्तवात पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यातील ही तरतूद २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. कबुलीतून एखादी वस्तू हस्तगत झाली, तर तेवढाच भाग ग्राह्य ठरतो. जी थप्पड पडद्यावर खटला जिंकून देते, ती न्यायालयात खटला बुडवू शकते. मुलांसोबत मालिका पाहणाऱ्या पालकांनी एवढी एक गोष्ट जरी समजावून सांगितली, तरी त्या तासाचे सार्थक होईल.

दुसरा पैलू अधिक महत्त्वाचा. न्यायवैद्यक शास्त्र या देशाला परके नाही. बोटांच्या ठशांचे जगातील पहिले कार्यालय १८९७ मध्ये कोलकात्यात स्थापन झाले आणि त्या ठशांच्या वर्गीकरणाची पद्धत सिद्ध करण्यात अझिझुल हक व हेमचंद्र बोस या दोन भारतीयांचा मोलाचा वाटा होता. हैदराबादच्या डॉ. लालजी सिंह यांनी डीएनए तपासणीचे तंत्र भारतात रुजवले. मुंबईत कलिना येथे आणि नागपूर, पुणे, नाशिकसारख्या शहरांत राज्याच्या प्रयोगशाळा आहेत. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे बंधनकारक केले असून, त्याच्या अंमलबजावणीसाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत दिली आहे.

परंतु प्रयोगशाळा कितीही अद्ययावत असली, तरी तिच्याकडे जे येते त्यावरच ती बोलू शकते. रक्ताने भिजलेला कपडा सावलीत वाळवून कागदात बांधावा लागतो. ओला कपडा प्लास्टिकच्या पिशवीत कोंबला, तर तो कुजतो आणि त्याबरोबर पुरावाही. प्रत्येक वस्तूवर मोहोर हवी आणि ती कोणाकडून कोणाकडे गेली याची अखंड नोंद हवी. त्याहीपूर्वी घटनास्थळ अबाधित राहिले पाहिजे. मे २००८ मधील नोएडाच्या दुहेरी हत्याकांडात पहिल्याच सकाळी शेजारी, नातलग आणि पत्रकार यांची त्या घरात वर्दळ झाली. दुसरा मृतदेह गच्चीवर होता, तो दुसऱ्या दिवशी सापडला. ऑक्टोबर २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने आरोपींना संशयाचा फायदा देऊन मुक्त केले. जे पायांखाली तुडवले गेले, ते कोणत्याही सूक्ष्मदर्शकाला परत आणता आले नाही.

येथे प्रश्न प्रेक्षकाकडे वळतो. झडती आणि जप्तीच्या वेळी परिसरातील दोन किंवा अधिक स्वतंत्र, प्रतिष्ठित नागरिक साक्षीदार असावेत, असे कायदा सांगतो. हेच पंच. प्रत्यक्षात सुशिक्षित वस्तीत पोलीस पंच शोधू लागले की दारे बंद होतात. 'कोर्टाच्या खेपा कोण घालणार?' हा प्रश्न अगदीच निराधार नाही. तारखा पडतात, दिवस बुडतो, साक्षीदाराला बसायला बाकही मिळेलच असे नाही. ही व्यवस्था सुधारलीच पाहिजे. परंतु सभ्य माणसाने पाठ फिरवली की पोलिसांना नेहमीचेच ठराविक पंच घ्यावे लागतात, बचावाचे वकील त्यांची साक्ष सहज मोडीत काढतात आणि गुन्हेगार सुटतो. मग तोच सभ्य माणूस वर्तमानपत्र वाचून म्हणतो, 'या देशात न्याय उरला नाही.'

आता झडती व जप्तीचे दृक्-श्राव्य चित्रण बंधनकारक झाले आहे. ते आवश्यकच आहे. तथापि चित्रणाला उलटतपासणीत उभे राहता येत नाही; ते माणसालाच करावे लागते.

'सीआयडी' खोटी आहे म्हणून तिच्यावर हसणे सोपे आहे. मनोरंजनाने शास्त्राचे पाठ्यपुस्तक व्हावे, ही अपेक्षाही अवाजवी. गुन्हेगार कितीही चतुर असला तरी मागे काहीतरी ठेवून जातो आणि शांत, चिकाटीच्या शोधाने ते सापडते, एवढा विश्वास तिने तीन पिढ्यांच्या मनात पेरला, हे तिचे श्रेय मान्य करावे लागेल. त्या विश्वासाला नागरिकाच्या कृतीची जोड मिळाली, तरच तो फळाला येईल. शनिवारी रात्री एसीपी प्रद्युम्न यांच्यासोबत गुन्हेगार शोधणाऱ्या गृहस्थाच्या दारावर सोमवारी सकाळी हवालदाराने थाप मारली आणि पंच म्हणून येण्याची विनंती केली, तर तो पायांत चपला घालतो की दाराला कडी, यावर बरेच काही अवलंबून आहे.