आता माहितीची लेव्ही!



जुन्या कास्तकारांना ज्वारीची लेव्ही आठवत असेल. जमीन किती, त्यावर ज्वारी किती घालायची, हे सरकार ठरवायचे आणि भावही सरकारच ठरवायचे. १९७२ साली कापसाची एकाधिकार खरेदी आली. आपल्या वावरातली पऱ्हाटी वेचून, आपल्या बंडीत भरून राज्याच्या सीमेपलीकडे नेली की कास्तकार गुन्हेगार. रामटेकहून मनसर, देवलापार ओलांडले की खवाशाला मध्य प्रदेश लागतो. इतक्या जवळचा बाजार आपल्याला बंद होता. या दोन्ही जाचांना एक आधार होता. कुणाच्या वावरात काय आहे याची नोंद सरकारच्या हाती होती आणि त्या नोंदीचे काय करायचे हे विचारण्याचा अधिकार कास्तकाराला नव्हता.

लेव्ही गेली, एकाधिकार गेला. नोंद मात्र गेली नाही. ती तलाठ्याच्या दप्तरातून निघून संगणकात शिरली आणि दसपट वाढली.

हिशेब मांडून पाहा. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. पिकाचा फोटो, त्यासोबत वावराचे अक्षांश-रेखांश. २ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्राने २,८१७ कोटी रुपयांचे डिजिटल कृषी मिशन मंजूर केले. त्यात ११ कोटी शेतकऱ्यांना ओळख क्रमांक द्यायचे ठरले. शेतकरी कोण, जमीन कुठे, पेरा कशाचा, या तिन्ही वह्या एकमेकींना जोडायच्या. याचेच नाव ॲग्रीस्टॅक. महाराष्ट्रात १५ एप्रिल २०२५ पासून कृषी खात्याच्या योजनांसाठी हा क्रमांक सक्तीचा झाला. त्या खरिपात पीक विम्यालाही तो लागला. २०२५ च्या हंगामात सीसीआयला हमीभावाने कापूस द्यायचा तर आधी 'कपास किसान' ॲपवर आधार आणि सातबारा चढवा. युरियाची बॅग घ्यायची तर कृषी केंद्रात मशीनवर अंगठा लावा.

प्रत्येक गोष्ट सुटी पाहिली तर क्षुल्लक वाटते. एकत्र पाहिली तर? किती एकर, कोणते पीक, खत किती, विमा किती, कापूस किती विकला, चुकारा कोणत्या खात्यात आला. घरच्या धन्याला ठाऊक नसेल इतके त्या वहीला ठाऊक. कास्तकाराचे घर काचेचे झाले आणि वही ठेवणाऱ्याचे घर मात्र दगडी भिंतीचे राहिले.

यावर शहाणे लोक म्हणतात, 'तुमच्याकडे लपवण्यासारखे आहे तरी काय?' आम्ही उलट विचारतो, व्यापारी आपला साठा आपल्याला सांगतो काय? जिनिंगवाला आपली खरेदी फलकावर लावतो काय? सौद्यात ज्याचे पत्ते उघडे तो हरला, हे बैलबाजारात पोरालाही कळते. पोळ्यानंतर पैशाची नड किती आहे हे समोरच्याला आधीच ठाऊक असेल तर भाव कोण ठरवणार? आणि पेऱ्याचा आकडा आपल्याकडून घेणारे सरकार तो आपल्यासाठी वापरते काय? ऑगस्ट २०२५ मध्ये, पऱ्हाटी वावरात उभी असताना, कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काढून टाकले गेले. आधी सप्टेंबरअखेर आणि मग ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे ऐन वेचणीचा हंगाम. माहिती आमची आणि सोय गिरण्यांची!

दुसरे म्हणणे असे की बोगस लाभार्थी रोखायचे आहेत. रोखा. पण पीक विम्याचे बोगस अर्ज निघाले तेव्हा सेवा केंद्रांवरच कारवाई करण्याची वेळ आली होती. चोर संगणकापुढे बसलेला आणि झडती वावरात राबणाऱ्याची, हा कुठला न्याय? शिवाय हा क्रमांक सातबाऱ्याला बांधलेला आहे. बटईने, ठेक्याने वावर करणारा त्यात नाही. आयुष्यभर निंदण-वेचणी करणारी बाई, जिचे नाव सातबाऱ्यावर नाही, तीही नाही. जो राबतो तो नोंदीत नाही आणि तरी नोंद म्हणे खरी!

माहिती सुरक्षित आहे, हेही ऐकून झाले. २०२२ साली पीएम किसानच्या संकेतस्थळातून शेतकऱ्यांचे आधार क्रमांक उघडे पडत असल्याचे एका अभ्यासकाने दाखवून दिले. तेलंगण-आंध्रात जमीन खरेदीच्या कागदांवरचे अंगठे उतरवून लोकांच्या खात्यांतून पैसे काढल्याची प्रकरणे पोलिसांनी पकडली. त्याच २०२२ मध्ये २७ मे रोजी आधार प्राधिकरणाच्या एका कार्यालयाने सांगितले, आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका. दोन दिवसांत ते पत्रक मागे घेतले गेले. पिन चोरीला गेला तर बदलता येतो. अंगठा कुठून बदलून आणायचा?

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. २०१८ मध्ये त्याच न्यायालयाने अनुदानासाठी आधारची अट मात्र चालू ठेवली. मग २०२३ चा माहिती संरक्षण कायदा आला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि बहुतेक बंधने लागू व्हायला आणखी अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. हा कायदा कुणाचा आहे ते पाहा. एका अनुदानासाठी होकार दिला की दुसऱ्या अनुदानासाठी सरकार तीच माहिती पुन्हा न विचारता वापरू शकते. माहिती फुटली तर कंपनीला २५० कोटींपर्यंत दंड, पण तो जमा होणार केंद्राच्या तिजोरीत. ज्याचे नुकसान झाले त्याला भरपाई देणारे जुने कलम याच कायद्याने काढले. आणि खोटी तक्रार ठरली तर १० हजारांपर्यंत दंड त्या कास्तकारालाच! पीक बुडाले आमचे आणि विमा दिल्लीला.

आम्ही यंत्राच्या विरोधात नाही. नवे बियाणे, नवे तंत्र कास्तकाराला मिळावे यासाठी आम्ही भांडत आलो आहोत. सातबारा घरबसल्या मिळतो, तलाठ्याचे उंबरे झिजवावे लागत नाहीत, हे चांगलेच झाले. भांडण यंत्राशी नाही, सक्तीशी आहे. जबरीने घेतलेला होकार हा होकार नसतो. नाही म्हटले तर विमा नाही, हमीभाव नाही, मग 'संमती' या शब्दाला अर्थ काय उरला?

म्हणून जिल्हा बैठकीपुढे आम्ही पुढील मागण्या ठेवत आहोत.

१. ओळख क्रमांक आणि ॲप ऐच्छिक करा. सातबारा आणि कागदी अर्जाची वाट प्रत्येक योजनेत आणि प्रत्येक खरेदी केंद्रावर उघडी ठेवा.

२. आमची नोंद कुणी, कधी, कशासाठी पाहिली याचा हिशेब आम्हाला मराठीत मिळाला पाहिजे.

३. बँक, विमा कंपनी, बियाणे-खत कंपनी यांना माहिती द्यायची तर प्रत्येक वेळी वेगळी परवानगी घ्या. ती वाचून दाखवा.

४. पेऱ्याचे एकूण आकडे कास्तकाराला आणि व्यापाऱ्याला एकाच दिवशी खुले करा.

५. माहिती फुटून नुकसान झाले तर भरपाई कास्तकाराच्या खात्यात द्या.

तोवर घरची राखण आपणच करायची. आधारची झेरॉक्स दिली तर तिच्यावर तारीख आणि काम लिहा. आधारचा अंगठा कुलूपबंद ठेवता येतो, १९४७ वर विचारून तो बंद करा आणि लागेल तेव्हाच उघडा. फोनवर आलेला ओटीपी सेवा केंद्रवाल्याला सांगण्याआधी तो कशाचा आहे ते विचारा. कोऱ्या स्टॅम्पवर सही करत नाही, तसा न वाचलेल्या होकारावर अंगठा लावायचा नाही.

घामाचे दाम मागायला आपण शिकलो. आता घामाच्या नोंदीवरचा हक्क मागायचा आहे. रामटेक तालुक्यातल्या प्रत्येक गावाने ग्रामसभेत या मागण्यांचा ठराव करावा आणि त्याची प्रत घेऊन बैठकीला यावे.