दाखविण्याचा कार्यक्रम

वयाच्या ५३ व्या वर्षीं आपणांस कोणी 'पाहावयास' येईल, असें मला कधीं वाटलें नव्हतें. पण कंपनीनें आमचा कारखाना दुसऱ्या राज्यांत हलविण्याचें ठरविलें, आणि २७ वर्षें सांभाळलेलें माझें खातें बंद होणार हें नक्की झालें. मुलीच्या शिक्षणाचीं दोन वर्षें अद्याप बाकी. घराचें कर्ज त्याहून लांबलेलें. अशा वेळीं मोठ्या पदांसाठीं माणसें शोधून देणाऱ्या एका संस्थेच्या गृहस्थांचा फोन आला. एका कंपनीस उत्पादनप्रमुख हवा आहे, तिचें नांव तूर्त सांगतां येत नाहीं, पण आपली योग्यता पाहून आनंद झाला, असें ते म्हणाले. 'योग्यता' हा शब्द मीं घरांत दोनदां तरी उच्चारला असेन. आईनें देवापुढें साखर ठेवली. वहिनींनीं मात्र विचारलें, "भावोजी, यांची दलाली कोण देणार?" मीं हंसून विषय सोडून दिला.

पुण्यांतल्या एका हॉटेलांत सकाळीं अकराची भेट ठरली. गृहस्थ पावणेबारास आले. वयानें माझ्या पुतण्याएवढे. माझा बायोडाटा ते तेथेंच प्रथम वाचीत होते, हें उघड दिसत होतें. पहिला प्रश्न, सध्यां सीटीसी किती? दुसरा, अपेक्षा किती? तिसरा, रुजू कधीं होणार? नोटिशीची मुदत ९० दिवसांची आहे असें सांगतांच, पत्रिकेंत मंगळ निघावा तसा त्यांचा चेहरा झाला. यंत्रें, कामगार, मंदीच्या वर्षांत एकाहि माणसास न काढतां आम्ही पाळ्या कशा चालविल्या, यांपैकीं कशाबद्दलहि विचारणा नाहीं. मीच सांगूं लागलों, तेव्हां ते मोबाइलकडे पाहत "राइट, राइट" म्हणत राहिले. शेवटीं त्यांनीं विचारलें, "सर, आपली पॅशन काय?" २७ वर्षें पहाटे साडेपांचची बस पकडणाऱ्या माणसास हा प्रश्न कोणी केला नव्हता. मला उत्तर सुचलें नाहीं, याची रुखरुख अजून आहे.

पुढें १५ दिवस कांहीं कळलें नाहीं. मीं पाठविलेल्या तीन पत्रांस पोंच नाहीं. त्या रिकाम्या दिवसांत या धंद्याची माहिती काढली. ती आधींच काढावयास हवी होती. थॉर्नडाइक डेलँड यांनीं १९२६ सालीं न्यूयॉर्क येथें काढलेली पेढी या व्यवसायांतली पहिली समजली जाते. मोबदला कंपनी देते. मोठ्या पदांसाठीं तो निवडलेल्या माणसाच्या पहिल्या वर्षाच्या पगाराच्या सुमारें एक-तृतीयांश असतो. म्हणजे कंपनी हें गिऱ्हाईक, आणि मी दुकानांतला माल. मालाची पॅशन विचारली, हाच त्यांचा उपकार! वहिनींनीं जें एका प्रश्नांत ओळखलें, त्याला मला पंधरवडा लागला.

जुना पगार विचारण्यांतहि हिशेब असतो. तो कळला कीं नवा आंकडा त्याच खुंटीला बांधतां येतो. म्हणून अमेरिकेंतील कॅलिफोर्निया व मॅसॅच्युसेट्स या राज्यांत २०१८ पासून मालकानें उमेदवाराचा मागील पगार विचारण्यावर कायद्यानें निर्बंध आहेत. आपल्याकडे तसा कायदा नाहीं. उलट मागील तीन महिन्यांच्या पगाराच्या चिठ्ठ्या मागण्याचीच रीत आहे.

अखेर मीच फोन केला. ती जागा कंपनींतल्याच एका अधिकाऱ्यास मिळाली होती. "त्यांचें नांव आधींपासून पुढें होतें, सर. तुलनेसाठीं बाहेरचीं दोनतीन नांवें हवीं होतीं," असें त्यांनीं अगदीं सहज सांगितलें, आणि त्याच दमांत विचारलें, "आपल्या ओळखींत चाळिशीच्या आंतलें कोणी आहे का?"

फोन ठेवून द्यावा असें वाटलें. पण माझ्या हाताखालच्या एका मुलाची नोकरीहि याच कारखान्याबरोबर जाणार आहे, आणि त्याच्या घरीं तान्हें मूल आहे. मीं त्याला विचारून त्याचें नांव कळविलें. त्याला इतकेंच बजावलें कीं, ते पगार विचारतील, तेव्हां तूं आधीं विचार, त्या जागेसाठीं कंपनीनें काय ठरविलें आहे, आणि ती जागा खरोखर रिकामी आहे का.