सवलत साठ्याला, व्याधी ग्राहकाला

‘लायरल’ हे सुगंधी द्रव्य २३ ऑगस्ट २०२१ रोजी युरोपीय संघाच्या दुकानांतून हद्दपार झाले. लिली ऑफ द व्हॅली या फुलासारखा मंद गंध देणारे हे कृत्रिम द्रव्य क्रीम, साबण, परफ्यूम यांत सर्रास वापरले जात होते. ते सुरक्षित मानता येत नाही, असा निर्वाळा संघाच्याच वैज्ञानिक समितीने २०१२ मध्ये दिला होता. नियम मात्र झाला २०१७ मध्ये. त्यानंतरही उत्पादकांना नवा माल बाजारात आणण्यास दोन वर्षे, तर दुकानांतील साठा विकण्यास चार वर्षांची मुभा! ही उदारता कोणाच्या जिवावर? अशा द्रव्याची ॲलर्जी एकदा जडली की बहुधा जन्मभर पाठ सोडत नाही. पुढे अल्प मात्राही त्वचेवर खाज आणि इसब उठविण्यास पुरेशी होते.

कृत्रिम तेवढे घातक, असे मानणाऱ्यांनीही सावध व्हावे. याच नियमाने बंदी घातलेली ॲट्रानॉल आणि क्लोरोॲट्रानॉल ही द्रव्ये ओकमॉसच्या अर्कात निसर्गतःच असतात. ओकमॉस म्हणजे वृक्षांच्या सालीवर वाढणारे, आपल्या मसाल्यातील दगडफुलाच्या जातकुळीचे शैवाक!

युरोपात २००५ पासून २६ सुगंधी ॲलर्जीकारकांची नावे वेष्टनावर छापणे बंधनकारक झाले. २०२३ च्या नियमाने ही यादी ८० च्या पुढे नेली. नव्या उत्पादनांसाठी मुदत ३१ जुलै २०२६. जुन्या साठ्याला मात्र ३१ जुलै २०२८ पर्यंत अभय.