मुक्काम कुणाच्या अंगणात?

(द्वितीय वर्ष, कला)

प्रवासाला निघालेला माणूस गाडीची चाके तपासतो, शिधा बांधतो, वाटेत काय काय पाहायचे याची यादी करतो. रात्र कोठे काढायची हा प्रश्न मात्र तो बहुधा सोयीचा प्रश्न समजतो. सावली आहे का, पाणी आहे का, न्हाणीघर स्वच्छ आहे का, भाडे परवडेल का, एवढे पाहिले की त्याचे काम झाले. माझे मत असे, की आफ्रिकेच्या दक्षिण भागातील बुशवेल्डमधून स्वतः मोटार हाकत जाणाऱ्याने एवढ्यावर थांबू नये. तेथे मुक्कामाची जागा निवडताना आपण आपला यजमानही निवडत असतो. ही जमीन कुणाची आणि आपले भाडे कुणाच्या हाती पडणार, हे विचारल्यावाचून तंबूची खुंटी ठोकू नये, असे मला वाटते.

जिने अजून मुंबईसुद्धा पाहिलेली नाही तिने आफ्रिकेतील मुक्कामांवर लिहावे, हे काहींना हास्यास्पद वाटेल. त्यांना माझे उत्तर असे, की पाहुण्यापेक्षा यजमानाची बाजू मला अधिक ठाऊक आहे. विदर्भातील एका राखीव जंगलाच्या कडेला आमचे गाव. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. आई-वडिलांचा उन्हाळा तेंदूपाने तोडण्यात जातो. वाघ पाहायला येणाऱ्या मोटारी आमच्या दारावरून जातात, क्वचितच एखादी थांबते. पाहुण्याचा मुक्काम कोठे पडतो यावर कुणाची चूल पेटते हे ठरते, ही गोष्ट मला पुस्तकातून शिकावी लागली नाही. आफ्रिकेची माहिती मात्र मी पुस्तके, नकाशे आणि प्रवाशांचे वृत्तांत यांतूनच गोळा केली आहे, हे आधीच सांगून टाकते.

बुशवेल्ड म्हणजे सोप्या मराठीत झुडपी रान. दक्षिण आफ्रिकेचा लिंपोपो प्रांत, त्याच्या शेजारचे काही प्रांत आणि सीमेपलीकडील बोट्स्वाना व झिंबाब्वे यांचे काही भाग मिळून हा प्रदेश होतो. उंची साधारण ७५० ते १४०० मीटर, पाऊस वर्षाला ३५० ते ६०० मिलिमीटर. प्रसिद्ध क्रूगर राष्ट्रीय उद्यान याहून सखल भागात आहे, पण रान त्याच जातकुळीचे. मोपाने, मारुला आणि बाभळीच्या नात्यातली काटेरी झाडे सगळीकडे. मारुला आपल्या आंब्या-बिब्ब्याच्या कुळातला आहे, तर जॅकलबेरी नावाचे झाड आणि आमचा तेंदू एकाच प्रजातीतले. विदर्भातील महसुली कागदांत ‘झुडपी जंगल’ असा शब्द असतो. त्यामुळे बुशवेल्डचे वर्णन वाचताना मला परके असे फारसे काही वाटले नाही.

आधी व्यवहाराचे बोलू. कारण जीव राखला तरच तत्त्वाची चर्चा.

बुशवेल्डमधील मुक्काम ढोबळपणे दोन प्रकारचे: कुंपणाचे आणि बिनकुंपणाचे. क्रूगरमधील सरकारी छावण्यांना कुंपण असते. १९२६ साली स्थापन झालेले हे उद्यान उत्तर-दक्षिण सुमारे ३६० किलोमीटर लांब आणि क्षेत्रफळाने साडेएकोणीस हजार चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. स्कुकुझा, सतारा, लेताबा, शिंगवेद्झी, पुंडा मारिया अशा छावण्या त्यात अंतराअंतरावर विखुरल्या आहेत. सायंकाळी छावणीचे दार बंद होते, ते सकाळीच उघडते. डांबरी रस्त्यावर ताशी ५० आणि कच्च्या रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरपेक्षा वेगाने जाता येत नाही; शिवाय हत्ती आडवा आला तर तो बाजूला होईपर्यंत थांबावेच लागते. नकाशावर शंभर किलोमीटर दिसणारे अंतर प्रत्यक्षात अर्धा दिवस खाते. म्हणून दोन मुक्कामांतील अंतर मोजताना किलोमीटर मोजू नयेत, उजेडाचे तास मोजावेत. वृत्तांत वाचताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली: ज्यांनी एका आठवड्यात सहा छावण्या केल्या त्यांनी रस्ता पाहिला; ज्यांनी दोन केल्या त्यांनी रान पाहिले.

बोट्स्वानातील मोरेमी आणि चोबे येथे प्रकार वेगळा. तेथे बहुतेक तळांना कुंपणच नसते. रात्री तंबूशेजारून हत्ती जातो, तरस भांडी हुंगून जातो, बबून माकडे दिवसाढवळ्या भाकरी पळवतात. अशा ठिकाणी जागा पाहण्याचे काही नियम अनुभवी लोक सांगतात. पाणघोडा रात्री चरायला पाण्याबाहेर पडतो आणि ठरलेल्या वाटेने परततो. त्याच्या आणि पाण्याच्या मध्ये तंबू नको. मगरीमुळे काठाला अगदी खेटून बसू नये. कोरड्या नदीच्या पात्रातली मऊ वाळू कितीही मोहक दिसली तरी तेथे झोपू नये. वर कोठेतरी पाऊस पडला की पाणी सांगून येत नाही. कायजेलिया नावाचे झाड आपल्याकडे बागांतून लावलेले असते. त्याची कित्येक किलो वजनाची लांबट फळे तंबूवर पडली तर रानातल्या जनावराची गरजच उरत नाही. अन्न मोटारीत बंद ठेवावे, तंबूत नेऊ नये. झिंबाब्वेत झांबेझीच्या काठी माना पूल्स हे उद्यान आहे. तेथे संत्री-मोसंबी नेण्याची बंदी आहे, कारण त्या वासाने हत्ती तंबूपर्यंत येतात. संत्र्याच्या मुलखातील वाचकांनी हे विशेष ध्यानात ठेवावे! ऋतूचे म्हणाल तर मे ते सप्टेंबर हा कोरडा काळ बरा. गवत बसलेले असते, जनावरे पाणवठ्यावर येतात, मलेरियाचा धोकाही पावसाळ्याच्या मानाने कमी. थंडी मात्र रात्री चांगलीच असते.

या सर्व नियमांचे सार एकच आहे. ही जागा आपण येण्यापूर्वी कुणाची तरी होती. त्याची वाट अडवू नये. जनावराच्या बाबतीत हे प्रत्येक प्रवासी निमूटपणे मान्य करतो. माझा प्रश्न इतकाच, की माणसाच्या बाबतीत ते का मान्य करू नये? वाळूत पाणघोड्याच्या पावलांचे ठसे शोधणारा पाहुणा, या वाटेने पूर्वी कोणती माणसे पाणी भरायला जात होती, हे का विचारत नाही?

उदाहरणे घेऊ. क्रूगरच्या अगदी उत्तर टोकाला लिंपोपो आणि लुवुव्हु या नद्यांच्या दुआबात पाफुरीचा प्रदेश आहे. तेथे मकुलेके लोकांची वस्ती होती. १९६९ साली वर्णभेदी राजवटीने त्यांना सक्तीने उठवले आणि ती जमीन उद्यानाला जोडली. राजवट गेल्यानंतर त्यांनी जमिनीवर हक्क सांगितला, आणि १९९८ मध्ये सुमारे २४,००० हेक्टर जमीन त्यांना परत मिळाली. त्यांनी तेथे पुन्हा घरे बांधली नाहीत. जमीन रानासाठीच राखायची, कारभार उद्यानाबरोबर मिळून पाहायचा आणि पर्यटकांच्या निवासांचे उत्पन्न समाजाला मिळायचे, अशी तडजोड त्यांनी पत्करली. जमिनीचे मालक असून ते गावी राहू शकत नाहीत. पण पाहुण्याचे यजमान मात्र ते आहेत. पुंडा मारियाला तंबू ठोकून उत्तरेकडे मोटार नेणाऱ्या प्रवाशाने, आपण कोणत्या पुलापासून पुढे मकुलेके लोकांच्या जमिनीवर आलो, एवढे तरी जाणून घ्यावे.

दुसरे उदाहरण मोरेमीचे. हे अभयारण्य १९६३ साली बटवाना लोकांनी स्वतःच्या पुढाकाराने, स्वतःच्या मुलखात स्थापन केले. ही अभिमानाची गोष्ट खरीच. पण त्याच मुलखात राहणाऱ्या, शिकार आणि कंदमुळे यांवर जगणाऱ्या सान लोकांना अभयारण्याबाहेर, ख्वाई नदीच्या पलीकडे जावे लागले. म्हणजे अन्याय नेहमी परकाच करतो असे नाही. आपल्यातला मोठाही धाकट्याला उठवतो. आज ख्वाई गावाची विश्वस्त संस्था नदीकाठी मगोथो नावाचा तळ चालवते. त्याला कुंपण नाही, रस्ता वाळूचा, सोयी बेताच्या. हत्ती आणि चित्ते मात्र अभयारण्यातलेच. त्यांना हद्द ठाऊक नसते. अभयारण्यातील तळ मिळाला नाही म्हणून नाइलाजाने मगोथोला राहिलो, असे प्रवासी लिहितात. मी म्हणते, नाइलाज कशाला? पहिली पसंती तीच का असू नये?

तिसरे उदाहरण बलुलेचे. क्रूगरमधील ही छोटीशी छावणी आज शांततेसाठी नावाजली जाते. वीज नाही, संध्याकाळी रॉकेलचे कंदील लागतात, आणि प्रवासी तिच्या साधेपणाचे कौतुक करतात. वर्णभेदाच्या काळात हीच छावणी गोरेतर प्रवाशांसाठी बाजूला काढलेली होती. तेथील भारतीय वंशाचा माणूस त्या दिवसांत उद्यान पाहायला गेला तर दृश्य, सावली, पाणवठा पाहून जागा पसंत करण्याची मोकळीक त्याला नव्हती. त्याच्या कातडीच्या रंगाने त्याचा मुक्काम आधीच ठरवून ठेवलेला असे. आज आपल्याकडचा पाहुणा संगणकावरून कोणत्याही छावणीची जागा राखून ठेवू शकतो. निवड करण्याचा हा हक्क झगडून मिळालेला आहे. तो केवळ न्हाणीघराच्या फरश्या पाहण्यात खर्च करू नये.

यावर आक्षेप येतील, आणि ते यावेत. पहिला आक्षेप असा, की माणूस सुट्टीत विश्रांतीसाठी जातो, न्यायनिवाडा करायला नव्हे. हे मान्य. पण भाडे तर त्याला द्यायचेच आहे. ते कोणत्या हातात द्यायचे एवढेच मी विचारते आहे. दुसरा आक्षेप, की लहान मुले बरोबर असताना बिनकुंपणाच्या तळावर जाणे धोक्याचे. हा आक्षेप मला पूर्ण पटतो. प्रथमच जाणाऱ्या कुटुंबाने कुंपणाच्या छावणीत राहावे. तेथेही झाडलोट करणाऱ्या, दुकान सांभाळणाऱ्या, पहारा देणाऱ्या शेकडो स्थानिक माणसांचे पोट भरते, हे विसरून चालणार नाही. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. गावाच्या नावाने चालणारी प्रत्येक संस्था गावाचे भले करतेच असे कोठे आहे? पैसा समितीत येतो आणि समितीतच राहतो, हे आम्हा खेड्यातल्यांना कुणी सांगायला नको. म्हणून मी ‘गावाचा तळ’ ही पाटी पाहून भाबडेपणाने पैसे द्या, असे म्हणत नाही. तळावर काम करणाऱ्याला विचारावे: तू येथलाच का? भाड्यातले गावाला काय मिळते? गेल्या वर्षी त्या पैशातून काय झाले? पाहुण्याने विचारलेल्या प्रश्नाला समितीही थोडी वचकते. आमच्या गावात असे विचारणारा पाहुणा मी अजून पाहिलेला नाही.

तेव्हा माझी सूचना साधी आहे. बुशवेल्डमध्ये दहा-बारा दिवस फिरणाऱ्याने त्यांतल्या निदान दोन-तीन रात्री, मोटार आणि सोबत त्या वाटेला पुरणारी असेल तर, स्थानिक समाजाच्या मालकीच्या किंवा कारभारातल्या तळावर काढाव्यात. बाकीच्या रात्री सरकारी छावणीत खुशाल काढाव्यात. पण त्या जमिनीची हकिकत निघण्यापूर्वी वाचून घ्यावी. जळण गावात विकत घ्यावे, रानातून उचलू नये. आणि परत आल्यावर प्रवासवर्णन लिहिताना सिंह किती दिसले या आकड्याबरोबर आपण कुणाच्या जमिनीवर झोपलो तेही लिहावे. माझ्या वाचनात आलेल्या बहुतेक वर्णनांत सिंहांची संख्या आहे, यजमानाचे नाव नाही.

आपल्यापैकी फार थोड्यांच्या नशिबी हा प्रवास असेल, हे मी जाणते. तरीही आज या वर्गांतून शिकणारे काहीजण उद्या नोकरीनिमित्त दूरदेशी जातील, सुट्टीत मोटार काढतील, नकाशा पसरतील. त्याहून अधिक जण याच महाराष्ट्रात ताडोबाला, मेळघाटला, पेंचला जातील. तेथेही संध्याकाळ होईल आणि रात्र कोठे काढायची हा प्रश्न येईल. जंगलाच्या कडेला राहणाऱ्यांना पाहुण्याची दया नको आहे. त्याने दारात थांबावे, घरधन्याचे नाव विचारावे आणि भाडे त्याच्या हाती द्यावे, एवढेच पुरे आहे.