सुवास सालीत असतो

जानेवारीतली गोष्ट. आमची एक कंपनी महाजनच्या फायरिंग रेंजवर सरावाला गेली होती. त्यातल्या एका जवानाच्या मुलीचा पहिला वाढदिवस होता. सराव चालू असताना सुट्टी मिळत नाही हे त्यालाही माहीत होतं, त्यामुळे तो काही बोलला नाही. फक्त त्याचं जेवण कमी झालं. मी मागे बिकानेरला होतो. रेशनच्या गाडीबरोबर त्याच्यासाठी केक पाठवायचा असं आम्ही ठरवलं.

आता लंगरातला केक म्हणजे काय हे फौजेतल्या वाचकांना सांगायला नको. डालडा आणि संत्र्याचं इसेन्स. ताजा असताना ठीक लागतो, पण वाळवंटातल्या थंडीत एक रात्र गेली की त्याची वीट होते. चहात बुडवल्याशिवाय खाता येत नाही. हा केक तर ट्रकमधून वाळूच्या रस्त्याने जाणार आणि पोचल्यावरही दोन-तीन दिवस टिकायला हवा होता.

आमचे कुक हवालदार, ज्यांना आम्ही सगळे उस्ताद म्हणतो, त्यांच्याकडे कुणीतरी भेट दिलेली एक छोटी बाटली होती: संत्र्याच्या स्वादाचं ऑलिव्ह तेल, परदेशी. उस्तादांनी त्यातून एक लांबट केक करून पाहिला. दुसऱ्या दिवशीही तो मऊ होता, पण वास थेट खोकल्याच्या औषधाचा. बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलं होतं: ऑलिव्ह तेल आणि फ्लेवर. बस, एवढंच. आणि त्याच वेळी कुकहाऊसच्या मागे किन्नूच्या सालींचा ढीग पडला होता.

तिथेच माझं मत पक्कं झालं. आपण सुवास बाटलीतून विकत आणतो आणि खरा सुवास उकिरड्यावर टाकतो.

किन्नू म्हणजे आपल्या संत्र्याचा चुलतभाऊ. किंग आणि विलो लीफ या दोन जातींच्या संकरातून तो कॅलिफोर्नियात तयार झाला आणि १९३५ मध्ये लागवडीसाठी बाहेर आला. पुढे पंजाबात रुजला. श्रीगंगानगरकडे तर हिवाळ्यात रस्त्याच्या कडेला त्याचेच ढीग दिसतात. १९२७ साली गंग कालव्याचं पाणी आलं नसतं, तर त्या भागात अशा बागा उभ्या राहिल्या नसत्या. आणि ऑलिव्ह? ज्याला इथे जैतून म्हणतात, त्याची रोपं २००८ च्या सुमारास इस्राएलहून राजस्थानात आली. बिकानेरच्या उत्तरेला लूणकरणसरला तेल काढण्याचा कारखाना २०१४ मध्ये सुरू झाला. महाजनला जाताना हे गाव लागतं. म्हणजे ज्या दोन वस्तूंसाठी आपण परदेशी बाटली उघडली, त्या दोन्ही आमच्या रेशनच्या गाडीच्या वाटेवरच पिकत होत्या.

सालीचं महत्त्व का, तेही सांगतो. संत्रावर्गातल्या फळाचा रस म्हणजे मुख्यतः पाणी, साखर आणि आंबटपणा. सुवासाचं तेल असतं सालीच्या रंगीत भागातल्या बारीक पिशव्यांत. साल चिमटीत दाबली की डोळ्यांत उडतं तेच. ते पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. म्हणून तेलाचा केक हा सालीचा खरा सोबती. शिवाय हे तेल थंडीत लोण्यासारखं किंवा डालड्यासारखं घट्ट होत नाही, त्यामुळे केकही मऊ राहतो. इटलीत काही घाण्यांवर ऑलिव्हबरोबरच लिंबं किंवा संत्री भरडून स्वादाचं तेल काढतात. ती चीज खरी. इसेन्स मिसळलेली बाटली ही तिची नक्कल.

उस्तादांनी दुसऱ्यांदा केला तो केक असा. तीन किन्नू कोमट पाण्याने चोळून धुतले, कारण बाजारातल्या फळावर चकाकीसाठी मेण असू शकतं. फक्त नारिंगी भाग किसला. खालचा पांढरा थर कडू, तो येऊ द्यायचा नाही. हा कीस १७५ ग्रॅम साखरेत बोटांनी चोळला. साखर ओलसर आणि केशरी झाली, आणि अख्खं कुकहाऊस घमघमलं. मग १२० मिली साधं ऑलिव्ह तेल किंचित कोमट करून त्यात ओतलं आणि पंधरा मिनिटं झाकून ठेवलं. झालं आपलं स्वादाचं तेल. हे त्याच दिवशी वापरायचं. ओली साल तेलात घालून दिवसेंदिवस बाहेर ठेवणं धोक्याचं असतं.

नंतर तीन अंडी, १०० ग्रॅम दही आणि चार चमचे किन्नूचा रस घालून फेटलं. रस ऐन वेळी काढायचा; किन्नूचा रस ठेवला की कडवट होतो, आणि बी चिरडली तर आणखी. शेवटी २०० ग्रॅम मैदा, दोन लहान चमचे बेकिंग पावडर आणि चिमूटभर मीठ घालून हलक्या हाताने मिसळलं. १७० अंशांवर साधारण पन्नास मिनिटं. सुरी घालून पाहिली, कोरडी आली की काढला. गार झाल्यावर कागदात गुंडाळून डब्यात बंद केला.

कुणी म्हणेल, ऑलिव्ह तेल महाग, हे साहेबी चोचले आहेत. महाग आहे, मान्य. रोजच्या लंगरात ते शोभणार नाही, आणि एवढ्या माणसांच्या भाजीत ते घाला असं मी म्हणतही नाही. पण स्वादाच्या छोट्या बाटलीचे पैसे त्याहून जास्त जातात. ज्याला परवडत नाही त्याने साधं सूर्यफुलाचं तेल घ्यावं. ऑलिव्हची ती किंचित तिखट चव मिळणार नाही, पण केक होईल. तेल बदललं तरी चालेल. साल टाकायची नाही.

हे मी कुणाला शिकवायला लिहीत नाही. मी स्वतः वरूडकडचा, संत्र्याच्या मुलखातला. लहानपणापासून संत्री सोलून साल अंगणात फेकली. आमच्याकडे भाव पडला की फळ रस्त्यावर ओततात, आणि त्याच गावातल्या दुकानात संत्र्याच्या वासाची बाटली विकत मिळते. हे मला चाळीस वर्षांत खटकलं नाही. खटकलं ते बिकानेरला, दुसऱ्याच्या फळाच्या ढिगापाशी. आता सुट्टीवर गेलो की आईच्या स्वयंपाकघरात हाच केक आपल्या संत्र्याचा करून बघणार आहे. आई म्हणेल, “पोरगा फौजेत जाऊन केक शिकून आला.” म्हणू दे.

केक रेंजवर पोचला. चौथ्या दिवशी जरा नेटवर्क मिळाल्यावर त्या जवानाचा फोन आला. वाढदिवसाबद्दल तो काही बोलला नाही. म्हणाला, “साहेब, शेवटचा तुकडा आज खाल्ला. अजून मऊ होता.” मग थोडं थांबून म्हणाला, “डबा उघडला की किन्नू सोलल्यासारखा वास यायचा. घरी पोरगी सोललेली साल हातात घेऊन बसते.”

उस्तादांना हे सांगितलं तेव्हा ते पुढच्या किन्नूंची साल किसत होते. त्यांनी फक्त मान हलवली.