मांजरांची माय, माणसांची वैरीण

कळमेश्वरातल्या एका व्याख्यानात परवा एका विद्वानांनी सावित्रीदेवींची आरती ओवाळली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : युरोपातली बाई भारतात आली, हिंदू झाली, शाकाहार पाळला, मुक्या जनावरांवर जीव लावला. हिटलरप्रेम हा त्या काळाचा दोष. तेवढा वगळून बाईंना वंदन करावं.

वगळायला आमची हरकत नाही. पण वगळल्यावर उरतं काय? १९०५ साली फ्रान्समधल्या लिआँ शहरात जन्मलेल्या मॅक्सिमियानी पोर्तास, म्हणजेच पुढच्या सावित्रीदेवी, १९३२ मध्ये भारतात आल्या त्या आर्यांचा जिवंत धर्म शोधत. जातिव्यवस्था त्यांना आवडली, कारण त्यात त्यांना रक्तशुद्धीची तटबंदी दिसली. हिटलरला त्यांनी विष्णूच्या अवतारमालिकेत बसवलं आणि त्या विचाराचा ग्रंथ, ‘द लाइटनिंग अँड द सन’, १९५८ साली काढला. युद्ध संपून तेरा वर्षं झाली होती, छळछावण्या जगाने पाहिल्या होत्या. मग काळाचा दोष कुठल्या काळाचा? १९४९ मध्ये जर्मनीत नाझी पत्रकं वाटल्याबद्दल त्यांना शिक्षा झाली, तीही भोळेपणाची नव्हती.

‘अ वॉर्निंग टू द हिंदूज’ या त्यांच्या १९३९ च्या पुस्तकाला ग. दा. सावरकरांची प्रस्तावना आहे, हे वक्त्यांनी दोनदा सांगितलं. असेल. प्रस्तावना पुस्तकाला असते, पुढच्या त्रेचाळीस वर्षांच्या आयुष्याला नसते.

आता त्या भूतदयेकडे वळू, कारण सगळा बचाव तिच्याच पदराआड उभा आहे. ‘जी बाई मांजराला उपाशी ठेवत नाही, ती द्वेष कसा करील?’ असा वक्त्यांचा भाबडा सवाल. मजेत करील, महाराज! प्राण्यांच्या बाजूने त्यांनी अख्खं पुस्तक लिहिलं, ‘इम्पीचमेंट ऑफ मॅन’. त्यातला माणसाविषयीचा तुच्छभाव लपत नाही. त्यांच्या दयेलाही उतरंड होती : देखणं, सशक्त जनावर वर आणि ‘हलक्या’ वंशाचा माणूस त्याच्याही खाली. ही करुणा नव्हे, ही प्रतवारी. आमच्याकडे संत्र्याची प्रतवारी होते. माणसांची करणाऱ्याला संत म्हणायची रीत अजून पडलेली नाही. एकनाथांनी तहानलेल्या गाढवाला कावडीतलं गंगाजल पाजल्याची कथा आपण पोरांना सांगतो. पण त्याच नाथांनी तापल्या वाळवंटात रडणारं अस्पृश्याचं पोर कडेवर घेतल्याची कथाही त्याच दमात सांगतो. पहिली ठेवून दुसरी गाळली, की नाथ संपतात आणि सावित्रीदेवी सुरू होतात. वक्त्यांना गाढव आठवलं, पोर आठवलं नाही.

असे गाळीव भक्त आम्ही पूर्वीही पाहिलेत. आर्य उत्तर ध्रुवावरून आले की इथलेच, यावर आमच्या तरुणपणी गावोगाव वाद रंगत. आपण दोघेही कुणापेक्षा तरी श्रेष्ठ आहोत, यावर मात्र दोन्ही पक्षांचं एकमत असे. एका सभेत मी हे बोललो, तर चहा आमच्या रांगेपर्यंत आलाच नाही.

बाईंनी भारताचा मान वाढवला म्हणावं, तर १९८२ साली इंग्लंडात त्या वारल्यावर रक्षा गेली ती गंगेत नव्हे, अमेरिकेतल्या नव-नाझींकडे.

मग वंदन करायचं कुणाला? त्यासाठी लिआँपर्यंत जायची गरज नाही. डॉ. आंबेडकरांनी १९४६ साली ‘हू वेअर द शूद्राज?’ मध्ये वेदच तपासून आर्य नावाच्या वंशाची कल्पना निराधार ठरवली. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ ला, इथून तासाभरावरच्या नागपुरात, लाखोंसह त्यांनी जो धर्म घेतला त्यात शिरायला रक्ताचा दाखला लागत नाही. पुढच्या व्याख्यानाला हा विषय घ्यावा. वक्ते तेच ठेवले तरी चालतील. निदान तयारीसाठी तरी ते पुस्तक उघडावं लागेल.