नाताळच्या जेवणात कोलकॅनन का नको?

यंदाच्या नाताळ मेळाव्यात पनीर, छोले आणि जिरा राईसला सुट्टी देऊन आयरिश पबचं जेवण ठेवावं, असं मी सुचवलं. लगेच दोन आक्षेप आले: शाकाहारी उपाशी राहतील आणि मुलांसमोर दारू येईल.

डब्लिनमध्ये राहणाऱ्यांनी पहिला आक्षेप घ्यावा, याचं नवल वाटतं. इथल्या जेवणाचा कणाच मुळी बटाटा, कोबी, दूध आणि लोणी. कोलकॅनन म्हणजे उकडून कुस्करलेला बटाटा, त्यात केल किंवा कोबी, कांद्याची पात आणि गरम दूध. वाढताना मधोमध खळगा करून लोणी सोडतात. भाताला आळं करून तूप घेणाऱ्यांना हे शिकवावं लागणार नाही. बॉक्स्टीसाठी कच्चा बटाटा किसून पिळायचा, त्यात कुस्करलेला बटाटा, मैदा आणि ताक घालून तव्यावर भाजायचं. सोडा ब्रेड यीस्टशिवाय, ताक आणि खायच्या सोड्यावर फुगतो. फक्त पबमधलं भाज्यांचं सूप मागवताना ते चिकनच्या पाण्यात केलेलं नाही ना, हे विचारून घ्यावं.

मांसाहाऱ्यांना मटण, बटाटा आणि कांदा घातलेलं स्ट्यू पुरे. गिनेस बिअरमध्ये शिजवलेलं बीफ वगळलं म्हणून काही बिघडत नाही. फिकं लागेल? लागेलच. ठेचा शेजारी ठेवा, पण पातेल्यात गरम मसाला टाकायचा असेल तर त्याला आयरिश म्हणू नका.

दारूचा आक्षेप मात्र मी उडवून लावणार नाही. इथे पालकांबरोबर आलेली मुलं हिवाळ्यात रात्री 9 पर्यंत पबमध्ये बसू शकतात, कारण पब ही केवळ पिण्याची जागा नाही. तरीही न पिणाऱ्याने पिणाऱ्याचा खर्च का उचलावा? तिकिटात फक्त जेवण धरा. ज्याला प्यायचं त्याने वेगळे पैसे भरावेत, आणि विक्री परवाना असलेल्या बारवाल्याकडेच द्यावी. गिनेसचा बिनअल्कोहोलचा प्रकार मिळतो, गाडी चालवणाऱ्यांना तो बरा. पूर्वी गिनेस नितळ करायला माशाच्या अंगातला पदार्थ वापरत, ते आता बंद झालंय. तेव्हा शाकाहारी बिअरप्रेमींनीही निश्चिंत असावं. (हिरवी बिअर ही अमेरिकेतली हौस आहे, तिची मागणी कृपया नको.)

माझा खरा हट्ट आयरिश कॉफीसाठी आहे. 1943 च्या सुमारास लिमरिक परगण्यातल्या फॉइन्सला, जिथे पाण्यावर उतरणारी विमानं येत, जो शेरिडन या आचाऱ्याने गारठलेल्या प्रवाशांसाठी ती केली. गरम कॉफी, ब्राउन शुगर, व्हिस्की, वर किंचित फेटलेलं क्रीम. साखरेने क्रीम तरंगायला मदत होते, ती सहसा वगळत नाहीत. म्हणून मधुमेही मंडळींनी तिच्या वाटेला न गेलेलंच बरं. ती थर्मासमध्ये भरून ठेवता येत नाही, ग्लासागणिक करावी लागते. बारवाल्याला ते जमणार असेल तरच ठेवू, नाहीतर साधा चहा.